माझा पासपोर्ट आणि त्याचा तोरा
सिंगापूरमधल्या बुओना व्हिस्टाच्या ऑफिसातून सुटले की मी व्हायोलिन घेऊन ज्याच्याकडे सरावाला जायचे, तो इंग्रज गिटारवादक मला कधीच आवडला नाही. पण हात सुरेख होता त्याचा. म्हणून वर्षभर सोसला.

जर्मनीतल्या एका छोट्या महोत्सवाचं आमंत्रण आलं, तेव्हा आम्ही दोघं सेरंगूनच्या मॉलमधल्या ट्रॅव्हल एजंटबाईंकडे गेलो. त्यांनी आधी त्यालाच विचारलं, "सर, गेल्या सहा महिन्यांत युरोपात किती दिवस राहिलात? ब्रेक्झिटनंतर तुम्हालाही नव्वदच दिवस मिळतात."

तो हसला. "मी ब्रिटिश आहे. व्हिसाची भानगड हिची."

ब्रेक्झिटच्या बाजूने मत दिल्याचं तो पार्ट्यांमध्ये अभिमानाने सांगायचा. आणि उन्हाळाभर स्पेनमध्ये बहिणीकडे तळ ठोकायचा. बाईंनी पुन्हा बजावलं, तर म्हणाला, "तिकीट काढा, उपदेश नको."

माझा पासपोर्ट भारतीय. मी व्हिसासाठी बोटांचे ठसे दिले, बँकेचे कागद दिले, ऑफिसचं पत्र दिलं. "तुझ्या पासपोर्टपायी आपला दौरा बुडणार," हे त्याचं पालुपद रोज चालू होतं.

जर्मनीच्या विमानतळावर माझ्या पासपोर्टवर शिक्का बसला. त्याच्या पासपोर्टची पानं मात्र अधिकारी बोटाने मोजत राहिला. नव्वद दिवस केव्हाच संपले होते. तो ओरडला, टेबलावर हात आपटला. मग दोन पोलीस त्याला आतल्या खोलीत घेऊन गेले. संध्याकाळच्या विमानाने त्याला लंडनला परत धाडलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीनेच वाजवलं. मारवा घेतला. गिटारसाठी बसवलेलं सगळं गाळलं. लोक शांतपणे ऐकत होते. मला वाईट वाटलं नाही, हे खरं.

सिंगापूरला परतल्यावर त्याने हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत भेटायला बोलावलं. बसायच्या आधीच म्हणाला, "माझ्याशिवाय वाजवलंस? कार्यक्रम रद्द करायला हवा होतास."

"का? माझ्याकडे व्हिसा होता."

"त्या एजंट बाईने मला फसवलं."

"त्यांनी दोनदा सांगितलं. मी समोर होते."

"तुम्हा लोकांना रांगेत उभं राहायची सवय असते. आम्हाला असलं वागवून घ्यायची नाही."

शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले.

"मग सवय करून घे," मी म्हटलं आणि उठले. पुंगोलला घरी पोचले. नवऱ्याने विचारलं, तर एवढंच सांगितलं, "सुटले."

आता तो नवा व्हायोलिनवादक शोधतोय म्हणे. त्याच्याबद्दल विचारायला आलेल्या एका मुलीला मी सगळं सांगून टाकलं, काही हातचं न राखता. ती त्याच्याकडे गेली नाही.