वन्संचे तीन ठिपके

लेकीकडे दिंडोरीला होते, तिथंच मुलाचा फोन आला, "आई, आत्या गेली." रडू नंतर आलं. आधी चरफड झाली. बाईनं माझं उत्तर अर्धवट ठेवलं होतं...

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. शाळेत गणित शिकवायच्या, लग्न केलं नाही, आमच्याच पंचवटीतल्या घरात राहिल्या. शिकवणीच्या मुलांना ओट्यावर रांगोळीच्या चिमटीनं गणितं मांडून दाखवायच्या. मी नवी नवरी, मॅट्रिकला गणितात आपटलेली आणि रांगोळीत स्वतःला महान समजणारी. एका सकाळी ओट्यावर तीन ठिपके दिसले, एक वर, दोन खाली. म्हटलं, बिचाऱ्यांना पुढचं जमलं नाही. मी ठिपके जोडले, पाकळ्या काढल्या, वर हळदकुंकूही वाहिलं. वन्सं चष्मा सावरत म्हणाल्या, "सुमन, ते गणितातलं 'म्हणून'चं चिन्ह होतं. तू त्याचं कमळ केलंस."

त्या दिवसापासून माझी शिकवणी लागली ती कायमची. दोन वर, एक खाली असेल तर 'कारण'. लहान-मोठेपणाच्या चिन्हाची चोच उघडते ती मोठ्या संख्येकडे. मेथी निवडतानासुद्धा सुटका नाही. "चिन्हांमुळे बोलणं वाचतं," म्हणायच्या. "मग तुम्ही एवढं का बोलता?" असं मी विचारलं की हसायच्या. आणि उत्तर कधी सांगायच्या नाहीत. अर्ध्यावर थांबायचं, माझ्याकडे बोट करायचं, "पुढची ओळ तुझी." मी विचार करत बसायची आणि तिकडे चहा उतू जायचा.

पुढे अर्धांगाचा झटका आला, त्यात त्यांची वाचा गेली, उजवा हातही. दिंडोरीला निघण्याआधी भरवताना मी विचारलं, "वन्सं, माझ्यासारख्या दगडावर इतकी वर्षं कशाला डोकं फोडलंत?" त्यांनी डाव्या बोटानं ताटातल्या भातावर तीन खळगे केले. समोरून मला 'म्हणून' दिसलं. मग अक्कल आली, उठून त्यांच्या बाजूला जाऊन बसले. दोन वर, एक खाली. कारण.

"कारण काय?"

त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं. छळ तो किती...

आता रोज सकाळी ओट्यावर मी ते तीन ठिपके देते. काल सूनबाई म्हणाली, "आई, अर्धीच राहिली, जोडू का?" म्हटलं, हात लावू नकोस. ठिपक्यांपुढे एका ओळीची जागा रोज स्वच्छ पुसून ठेवते, चिमटीत रांगोळी धरून बसते... आणि आत चहा उतू जातो.