मुलगी इथं, नाव तिकडे

माझी मुलगी दीड वर्षाची झाली तेव्हापासून मी तिला दिवसा खाटेच्या पायाला बांधून ठेवायचे. हे ऐकलं की बायका आधी माझ्याकडे बघतात आणि मग पदर सारखा करायला लागतात. बघू देत. सुरतेत गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीत घरी बसून काम करणाऱ्या सगळ्याच बांधायच्या. जुन्या साडीची पट्टी फाडायची, एक टोक खाटेला, दुसरं पोरीच्या उजव्या घोट्याला. मधे ढील एवढीच ठेवायची, की तिला भिंतीपर्यंत जाता यावं पण गॅसपर्यंत आणि दारापर्यंत जाता येऊ नये. पायाला काचणार नाही अशी गाठ कशी मारायची ते मला शेजारणीने शिकवलं, लोणच्याला मीठ किती लागतं ते सांगावं तशा आवाजात.

बांधायला कारण झालं ते खड्यांचं. साड्यांवर चमकणारे बारीक खडे गमने चिकटवायचे, असं माझं काम होतं. माल देणारा माणूस सकाळी गठ्ठा टाकून जायचा आणि दुसऱ्या सकाळी तयार साड्या घेऊन जायचा. एकदा मी पाणी भरायला उठले आणि पोरीने वाटीतले खडे तोंडात कोंबले. एक घशात अडकला. ती खोकलीसुद्धा नाही, नुसती निळी पडत गेली. शेजारीण धावत आली, पोरीला पालथी धरून तिने पाठीत थापट्या मारल्या तेव्हा तो बाहेर पडला. मी बाजूला उभी होते, हातात बादली तशीच. त्या संध्याकाळी साडी फाडून पट्टी केली.

मुलीचे वडील उधन्याला एका खात्यात लूम चालवतात. कारखान्याला इथे सगळे खातंच म्हणतात. पाळी बारा तासांची, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्रपाळीच्या आठवड्यात ते दिवसभर आमच्या त्याच एका खोलीत झोपायचे. पोरगी रडली तरी त्यांना जाग यायची नाही. लूमच्या आवाजाने कान निम्मे गेलेत, ही त्यातली सोय.

त्या दिवसांत मला काही वाटेनासं झालं होतं. पाय बराच वेळ दुमडून बसलं की बधिर होतो, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं आतून झालं होतं. पोरगी रडायची, मी खडे लावायचे. रडून रडून ती गप्प व्हायची, मी खडे लावायचे. पुढे पुढे तर ती रडायचीच नाही. सकाळी चहा झाला की स्वतःच खाटेपाशी जाऊन बसायची. मला ते बरं वाटलं असं म्हणणार होते, पण तसंही नाही. काहीच वाटलं नाही. राग तेवढा शिल्लक होता, तो मात्र भरपूर. माल देणाऱ्यावर, गमच्या वासावर, पाण्याच्या नळावर, कोणावरही यायचा.

आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून अंगणवाडी होती आणि तिला लागूनच सरकारी पाळणाघर सुरू झालं होतं. गुजरातीत त्याला घोडियाघर म्हणतात. भाजीला जाता-येता मी रोज त्याची पाटी बघायचे. आत डोकावले नाही. आपलं नाही ते, हे ठरलेलंच होतं. शेजारीण मूळची बुलढाण्याची, गल्लीत तिला सगळं ठाऊक. ती म्हणायची, "आपलं रेशनकार्ड तिकडलं, मतदान तिकडलं. इथं आपल्याला कोण विचारते?" खानदेशातून इथे येऊन पंधरा-पंधरा वर्षं झालेली माणसंही हेच बोलायची. सुरतेत कमवायचं, सुरतेत राहायचं, पण कागदावर गावातून हलायचं नाही. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं तरी इतर लोक म्हणतात. आमची माणसं थांबायलाही जात नाहीत.

पोलिओच्या डोसाच्या वेळी अंगणवाडीची बेन, म्हणजे तिथली सेविका, घरोघर फिरत आमच्या दाराशी आली. दार उघडंच होतं. तिने पोरीला पाहिलं, पट्टी पाहिली. मी हातातली साडी खाली ठेवली नाही. मनात वाक्य तयारच होतं, की ज्याला वाईट वाटत असेल त्याने इथे येऊन दिवसभर बसावं. पण ती उंबऱ्यातून आत आली, पट्टीच्या टप्प्यात बसली, पोरीच्या तोंडात दोन थेंब टाकले आणि बोटावर शाई लावली. मग विचारलं, "आनुं आधार छे?"

म्हटलं, हिचं आधार आहे, पण तिकडचं. आमचं सगळंच महाराष्ट्राचं आहे.

ती उठताना म्हणाली, "छोकरी तो अहीं ज छे ने?"

मुलगी तर इथेच आहे ना.

दोन दिवसांनी मी अंगणवाडीत गेले. एका प्लास्टिकच्या पिशवीत घरातला होता तेवढा कागद कोंबून नेला. लग्नपत्रिका, ह्यांचा शाळा सोडल्याचा दाखला, सासऱ्यांच्या नावाचं रेशनकार्ड. एक गोष्ट मात्र नव्हती. पाळणाघर नोकरी करणाऱ्या आयांसाठीच असतं, असं मी धरून चालले होते, म्हणून माल देणाऱ्याकडे चिठ्ठी मागितली होती की ही बाई माझ्याकडे काम करते. तो हसला होता. "भाभी, लिहून दिलं तर उद्या मलाच कोणी विचारायला येईल." गठ्ठा टाकून निघून गेला होता.

बेनने पिशवीतले निम्मे कागद न वाचताच परत सरकवले. मुलीचा जन्मदाखला, लसीचं कार्ड, दोघींचं आधार, फोटो आणि राहता त्या जागेचा काहीतरी पुरावा, एवढंच बाजूला काढलं. मूल सहा महिन्यांच्या पुढचं आणि सहा वर्षांच्या आतलं पाहिजे, ते आहे. राहायला इथे पाहिजे, तेही आहात. कामाचं काय, मी विचारलं. मी तर घरीच असते. ती म्हणाली, काम करता ना? मग कुठे करता ते सांगा, मी लिहिते. चिठ्ठीची गरज नाही. मी सांगितलं, खाटेवर बसून करते. तिने गुजरातीत काहीतरी लिहिलं.

आणि मग तिच्या मोबाईलने आमचं नाव घेतलं नाही. आधार नंबर टाकला की पोरगी आधीच दुसऱ्या अंगणवाडीत आहे असं यायला लागलं. ती दुसरी अंगणवाडी म्हणजे माझ्या माहेरची. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीतच. पोटात होती तेव्हाच माझं नाव तिथे लागलं होतं, मग तिचं लागलं. आम्ही सुरतेला परत आलो, नाव तिथेच राहिलं. एक मूल दोन जागी कसं दाखवणार? तिकडून सोडलं तर इकडे घेता येईल, बेन म्हणाली. पण लवकर करा, जागा मोजक्या आहेत आणि मागणाऱ्या पुष्कळ.

मी रस्त्यातूनच आईला फोन लावला. तिला वाटलं, कोणी मेलंबिलं की काय. सगळं सांगितलं तर म्हणाली, "नाव कापी टाकू? मंग ती आठली कशी ऱ्हाई?"

आठली म्हणजे इथली. तिच्या दृष्टीने इथली म्हणजे गावची. अंगणवाडीतून पोरीच्या नावाचा खाऊ मिळायचा, ती पाकिटं आई दर महिन्याला जाऊन आणायची. पोर तिथे नाही हे सगळ्या गावाला माहीत होतं. सेविकाबाई भावकीतल्या, त्या कानाडोळा करायच्या. पाकिटांचं काय करते ते आईने मागे एकदा हसत सांगितलं होतं, म्हशीला घालते. म्हैस चांगली तेजाळ झाली होती.

"माय, म्हशीले दुसरं काही घाल," मी म्हणाले. "मन्ही पोर बांधेल से."

माझी पोर बांधलेली आहे. हे मी आईला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. ती रडायला लागली. "तू येशी का नही मंग परत?" एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की गोष्ट म्हशीची नव्हती. नात गावच्या हजेरीत आहे तोवर मुलगी एक ना एक दिवस गावी येणार, असं तिने मनाशी बांधून ठेवलं होतं. मला वाईट वाटायला हवं होतं. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून समोरच्या टेम्पोत साड्यांचे गठ्ठे चढताना बघत राहिले.

घरी हे आईच्या बाजूचे निघाले. "तठलं नाव नको कापू. आज खातं से, उद्या बंद पडनं तर? आपले जावाले जागा नको?"

"मंग तुम्ही बठा घर, पोर धरीसन," मी म्हटलं. ते कूस बदलून झोपले. ऐकू आलं नाही की ऐकायचं नव्हतं, देव जाणे.

शेवटी नाव आईनेच सोडवलं. सेविकाबाईंना ते मोबाईलमधून कसं काढायचं हे येत नव्हतं, तर आई त्यांना घेऊन तालुक्याला गेली आणि काम होईपर्यंत तिथे बसून राहिली. फोन करून मला म्हणाली, "व्हयनं तुन्ह काम." फोन तिनेच ठेवला. तोवर पाळणाघरातली जागा गेली होती. मग वाट बघितली. पावसाळा गेला, गणपती गेले. मी दर आठवड्याला जाऊन दारात उभी राहायचे, इतकी की बेन मला बघून लांबूनच मान हलवायची. नाही म्हणून. दिवाळीला माणसं गावी गेली, त्यातलं एक कुटुंब परत आलंच नाही. त्यांच्या मुलाची जागा आम्हाला मिळाली.

पहिल्या दिवशी मी पोरीला नवा फ्रॉक घातला, पावडर लावली. खोली साधीच होती. भिंतीवर फळांची चित्रं, खाली सतरंजी, कोपऱ्यात दोन पाळणे. सात-आठ पोरं धुमाकूळ घालत होती. मुलांना आणायचं-सांभाळायचं काम करणारी मदतनीस, तिला इथे तेडागर म्हणतात, तिने पोरीला हात धरून नेलं आणि भिंतीपाशी बसवलं.

पोरीने माझ्याकडे पाहिलं आणि उजवा पाय पुढे केला.

तेडागरला वाटलं, चप्पल काढायची आहे. तिने चप्पल काढली. पोरीने पाय पुन्हा पुढे केला, माझ्याकडे. फ्रॉक गुडघ्यावर ओढून धरला, रोज धरायची तसा, गाठ मारायला अडचण नको म्हणून.

मी खाली बसले. तिच्या घोट्यावरून हात फिरवला, पाय खाली ठेवला. "जा, खेळ," म्हणाले. ती बसूनच राहिली. मी उठून आले. घरी येऊन काम केलं. हात चालत होते पण खडे वाकडे लागत होते, कितीतरी उपटून परत लावले.

संध्याकाळी घ्यायला गेले तर पोरगी भिंतीपाशी, सकाळी बसवली होती तिथेच. तेडागर कौतुकाने म्हणाली, "बहु डाही छोकरी छे. सवारनी त्यां ज बेठी छे." फार शहाणी आहे म्हणे. सकाळपासून जागची हलली नाही. जेवायला पोरं पलीकडे बसली, ही गेली नाही, मग हिचं ताट इथेच आणून दिलं. चेंडू घरंगळत आला तर हात पुरेल तेवढंच वाकली. मग तो पुढे गेला, ही बघत राहिली.

मी तिला कडेवर घेतलं आणि बाहेर आले. गल्लीत माणसं कमी होती तिथे खाली उतरवलं आणि म्हटलं, चाल. ती चार पावलं चालली, थांबली आणि वळून आपल्या पायाकडे बघायला लागली. मी म्हटलं, काही नाही बांधलेलं, चाल. ती थांबूनच राहिली. आणि मग मला रडू फुटलं, भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, आणि काही केल्या थांबेना.