भांडायला कुणीतरी हवं

सासरे गेल्यावर सासूबाई शिरढोणचं घर बंद करून आमच्याकडे नवीन पनवेलला आल्या. आल्या त्या पाहुण्यासारख्या. ताटात पडेल ते खायच्या, टीव्हीवर मी लावीन ते बघायच्या. मीही जपून असायचे, आवाज चढवायचे नाही, कशाला नाही म्हणायचे नाही. एका घरात राहून आम्ही दोघी फारच अदबीने वागत होतो.

एका रविवारी दुपारी नवरा उलव्याला साइटवर गेला होता. टीव्हीवरच्या मालिकेत कुणीतरी शेवटच्या घटका मोजत होतं, म्हणून मी घाईने दुसरं काहीतरी लावलं. निघाला जुना इंग्रजी विनोदी सिनेमा, ब्लॅक अँड व्हाइट. घटस्फोट घेतलेलं जोडपं. श्रीमंत मावशी अचानक मुक्कामाला येते, तिला कळू नये म्हणून दोघं नवरा-बायकोचं सोंग घेतात आणि ऊठसूट भांडतात. बोलणं इतकं भरभर की खालची इंग्रजी अक्षरं वाचून आईंना मराठीत सांगताना मला धाप लागली.

"तो म्हणतोय, माझी हॅट कुत्र्याला का घातलीस? ती म्हणते, त्याला तुझ्यापेक्षा बरी दिसते."

आई गालात हसल्या.

मग तो तिला उचलून खोलीत ढकलतो आणि बाहेरून दार ओढून तिला कोंडतो. मला ते खटकलंच. "शी! याला काय विनोद म्हणायचा?" म्हणत मी रिमोट उचलला.

"थांब गं," आई म्हणाल्या. "किल्ली तिच्याकडेच आहे. मघाशी पर्समध्ये टाकली, बघितलं नाहीस?"

खरंच होती. थोड्याच वेळात तो बायकोचा झालरीचा गाऊन घालून बाल्कनीत अडकलेला, आणि ती आत मजेत टोस्ट खात बसलेली. आई हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला. इतका मोठा, मोकळा आवाज त्यांच्यात होता हे मला ठाऊकच नव्हतं. हसता हसता त्या रडू लागल्या. मी टीव्ही बंद केला.

पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "आमचंही असंच चालायचं. हे रुसले की माझ्याशी बोलायचे नाहीत, भिंतीला सांगायचे. मीही भिंतीलाच सांगायची, जेवायला वाढलंय म्हणावं. इथे भांडायला कुणी नाही बघ. तू फारच चांगली वागतेस माझ्याशी."

मी त्यांचा हात धरला. "मग भांडा ना माझ्याशी."

त्यांनी जरा विचार केला. "तुझ्या आमटीत गूळ फार असतो. खीर खाल्ल्यासारखं वाटतं."

मला चक्क राग आला. "आई, माझ्या माहेरी अशीच करतात! आणि तुम्ही रोज गिझर चालू ठेवून बाहेर येता, ते?"

"थंड पाण्याने माझे गुडघे धरतात!"

"मग आंघोळ झाल्यावर बटण बंद करायला गुडघे लागतात का?"

नवरा दारात कधी येऊन उभा राहिला, कळलं नाही. हातात हेल्मेट, चेहरा पांढराफटक. "काय झालं? आई? का भांडताय?"

"तू मध्ये पडू नकोस," आई म्हणाल्या, आणि सरकून सोफ्यावर माझ्यासाठी जागा केली. "लाव गं तो सिनेमा. मावशीला कळलं का, ते बघू."