तलाव फुटला म्हणून बाबा धावत आले

आई गेल्यावर बाबा भोपाळच्या घरात एकटेच उरले. मी म्हटलं, ऑकलंडला या, कायमचे. आले, पण बूट काढायच्या आधीच म्हणाले, "परतीचं तिकीट नीट ठेव. मला काही इथं करमायचं नाही." माणूस जन्मभर मोठ्या तलावाच्या काठी चालला, त्याला आमच्या गॅलरीतून दिसतंय काय, तर शेजाऱ्याचं गॅरेज. जेवण दोन घासांवर आलेलं. मी आतल्या आत कासावीस.

आम्ही भोपाळचे मराठी. इथली पुण्याची मंडळी आमची मराठी ऐकून गालात हसतात. हसू देत! तलावाच्या बाबतीत मात्र आम्ही कुणाला ऐकत नाही. 'तालों में ताल भोपाल ताल, बाकी सब तलैया', म्हणजे खरा तलाव आमचाच, बाकीची नुसती तळी, हे बाबा ज्याला त्याला ऐकवणार.

आमचं घर माउंट वेलिंग्टनच्या कडेला. थोडं चाललं की पाण्यानं भरलेला एक मोठा गोल खळगा लागतो, भोवती फिरायला वाट. एका सकाळी बाबा तिथून आले ते खुशीत. "अगं, तलाव आहे की तुमच्याकडे! आपल्यापुढे तलैयाच, पण काठोकाठ भरलाय." त्या दिवशी त्यांनी पोळी मागून घेतली. मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले आणि धापा टाकत परत. जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, चिखलानं भरलेल्या. "तलाव फुटला! थेंब नाही, नुसता गाळ! फोन लाव कुणाला तरी, खालच्या घरांत पाणी शिरेल!"

"अहो बाबा, ओहोटी आहे. ते पाणी समुद्राचं."

"तलावाला कसली आलीय ओहोटी?"

भोपाळच्या माणसाला ओहोटी भेटते ती भूगोलाच्या पुस्तकात. बांध फुटणं मात्र त्याच्या आजीनंसुद्धा सांगितलेलं असतं.

माझी मुलगी दहा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. आजोबांशी तिचं तोवर हाय आणि गुडनाइटपलीकडे गेलं नव्हतं. तिनं जॅकेट चढवलं, त्यांचा हात धरला. "कम, आजोबा. इट कम्स बॅक. प्रॉमिस." मी थर्मासमध्ये चहा भरून मागोमाग गेले.

बाकावर बसलो. पाण्याचा पत्ता नाही. वेळ जावा म्हणून बाबा सांगू लागले. हजार वर्षांपूर्वीचा राजा, त्याचं बरं न होणारं कातडीचं दुखणं, अनेक ओढ्यांचं पाणी एका जागी आणून त्यात न्हा म्हणणारा साधू. काठीनं मातीत दोन टेकड्या काढल्या, मधली फट दगडांनी बुजवली. मग त्याच राजाचा भोपाळजवळचा दुसरा, अफाट तलाव, आणि पुढं कधीतरी त्याचा बांध फोडणारा सुलतान.

"बट व्हाय?" मुलगी चिडलीच.

"तळाच्या जमिनीसाठी गं. रिकामा व्हायला वर्षं लागली म्हणतात." बाबांनी काठीचं टोक मातीत रोवलं. "तो काही पुन्हा भरला नाही."

मला आई आठवली. त्यांनाही तीच आठवत होती, मला माहीत आहे.

तेवढ्यात पोरीनं टुणकन उडी मारली. "आजोबा, पाणी आलं! पाणी आलं!"

चक्क मराठीत. समुद्राकडच्या चिंचोळ्या वाटेनं पाणी आत शिरत होतं, गाळावरून हळूहळू पसरत होतं. बाबा उठून उभे राहिले. "वाह, खां!" म्हणाले, अगदी भोपाळच्या नाक्यावर म्हणतात तसं. मी देवाचे आभार मानले, आणि भरती त्याच्या हातात म्हणून चंद्राचेही.

घरी आल्यावर धीर करून विचारलं, "बाबा, तिकीट शनिवारचं आहे. काय करू?"

बाबा नातीच्या चित्रकलेच्या कागदावर टेकड्या काढत होते. मान वर न करता म्हणाले, "राहू दे, पुढं ढकल. आत्ता कुठं हिला राजाची गोष्ट सांगून झालीय. चार बेगमांनी राज्य केलं भोपाळवर, त्या सगळ्या राहिल्यात. मग छोटा तलाव. शनिवारपर्यंत कसं आटपणार?"