आठही कडवी

ग्वाल्हेरात गेल्या चाळीस वर्षांत मराठी रीतीचं एकही लग्न माझ्या मित्राच्या आईशिवाय पुरतं लागलेलं नाही. आपलं लागलंय असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा गुरुजींना विचारून घ्यावं. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणत असू. त्यांनी शाळेत शिकवलं, नवरा अकाली गेल्यावर एकटीने मुलगा वाढवला, पंचावन्नाव्या वर्षी स्कूटर शिकल्या. पण त्यांचा खरा उद्योग एकच, लोकांच्या लग्नात मंगलाष्टकं रचून म्हणणं. कुणी सांगायला लागत नसे.

पत्रिका हातात पडली की काकू निघाल्याच. पदर खोचलेला, हेल्मेटखाली अंबाडा चेपलेला, डिकीत वही. हरिशंकरपुरमहून शिंदे की छावनीत मुलीच्या मावशीकडे, तिथून पाटणकर बाजारात मुलाच्या काकांच्या दुकानात, अशी चौकशी चाले. 'खरं काय ते सांगा, खोटं वृत्तात बसत नाही,' असं त्या बजावत. एका मुलाच्या आईने भोळेपणाने खरं सांगितलं आणि 'हप्त्यातून दोनदा चाबी हरवणारा' नवरदेव भर मांडवात शार्दूलविक्रीडितात अजरामर झाला. सासरी त्याला अजून कुणी घराची किल्ली देत नाही म्हणतात.

अष्टक म्हणजे आठ कडवी, त्यात सूट नाही. माझ्या लग्नात पाचव्या कडव्यालाच लोकांच्या अक्षता संपल्या. माझे मामा सतरंजीवरच्या वेचून टाकायला लागले, गुरुजी घड्याळ दाखवायला लागले. 'मुहूर्त तुमचा, वृत्त माझं,' काकू दारातूनच म्हणाल्या आणि त्यांनी सहावं उचललं. हार धरून धरून आमचा संसार खांदेदुखीने सुरू झाला, असं बायको आजही ऐकवते. पण त्या सहाव्यात नुकत्याच गेलेल्या माझ्या वडिलांचं नाव आलं, आणि मामांचा हात सतरंजीवरच थांबला. गावात दुसऱ्या कुणाला ते सुचलं नव्हतं. मला या बाईचा फार अभिमान वाटतो, आणि तो मी लपवणार नाही.

एवढी लग्नं लावली, पण काकूंचा जीव अडकला होता तो नातीच्या लग्नात. 'हिची आठही मी म्हणणार. तोवर मी काही जात नाही,' असं त्यांनी बारशालाच जाहीर करून टाकलं होतं. ती नात मोठी झाली, लॅपटॉपपुढे बसायला लागली, दुपारचं जेवण संध्याकाळी जेवायला लागली आणि मराठीत काढलेलं वाक्य हिंदीत संपवायला लागली. काकू ताट घेऊन तिच्या मागे उभ्या राहत आणि ती जेवेपर्यंत रचलेली कडवी चालीत म्हणत.

'आजी, तू तर रोज तेच म्हणते. इतना लंबा सुनेगा कौन?'

'सगळे ऐकतात. मी दाराशी उभी राहून म्हणते, जाणार कुठून?'

नातीने मुलगा पसंत केला तो मुरार भागातला, घरात सगळी हिंदी. आम्हाला वाटलं, आता काकूंचं बिनसणार. त्यांची काळजी निराळीच होती. 'त्याच्या आईचं नाव वृत्तात बसत नाही रे,' म्हणून तीन दिवस बेचैन होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी ते बसवलं आणि मला फोन करून दोनदा ऐकवलं.

लग्न तीन महिन्यांवर आलं आणि काकू गेल्या. सकाळी स्कूटरवरून भाजी आणली, जरा पडते म्हणाल्या, आणि दिलेला शब्द आयुष्यात पहिल्यांदा मोडला.

वहीत आठही कडवी तयार होती. पण म्हणणार कोण? माझा मित्र मंगलाष्टक आणि भाज्यांचे भाव एकाच सुरात म्हणतो. शेवटी गुरुजींनीच आपली दोन म्हणून उरकावं असं ठरलं.

लग्नात गुरुजींची दोन झाली. ते टाळीची खूण करणार, एवढ्यात अंतरपाटाआडून आवाज आला. नवरी स्वतःची मंगलाष्टकं स्वतः म्हणते, हे मी साठ वर्षांत पाहिलं नव्हतं. हातात हार, डोळे मिटलेले, वही कुठेच नाही. मुलाकडची मंडळी पहिल्याच कडव्याला सगळ्या अक्षता टाकून मोकळी झाली होती. पाचव्यात मुलाच्या आईचं नाव आलं, तेव्हा त्या बाई आधी दचकल्या आणि मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला. पोरगी अडखळली ती फक्त आठव्यात:

जा बाळे, सुख घे नि दे, पण जरा वेळेवरी जेव गे

आजीचं सांगणं तिला स्वतःलाच सांगावं लागत होतं. ती थांबली. गुरुजींनी घड्याळ पाहिलं नाही. मग तिने ती ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली आणि अष्टक पुरं केलं.

मी मघाच दाराशी जाऊन उभा राहिलो होतो, कुणी निसटू नये म्हणून. कुणी हललंसुद्धा नाही. माझ्याही अक्षता संपल्या होत्या. मी वाकून सतरंजीवरच्या चार वेचल्या. दोन नवरीच्या दिशेने टाकल्या आणि दोन तिथेच, दाराशी सोडल्या.