माझ्या पट्टीतलं वाद्य

फोनवर लोक मला ‘साहेब’ म्हणतात. मुलुंडला एका गॅस एजन्सीत मी तक्रारी घेते. “साहेब, सिलिंडर आला नाही,” असं समोरून आलं की मीही “बघतो” म्हणून मोकळी होते. समजावत बसायला वेळ कुणाला आहे? आवाजच तसा आहे माझा, जाडा आणि खालचा. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच संध्याकाळी देवापुढे आरती म्हटली, तर मालवणच्या सासूबाई म्हणाल्या, “गो, तुझो आवाज दशावतारातल्या राजासारखो आसा.” नव्या सुनेला हा टोमणा वाटला. पुढे कळलं, त्या माणसांना नावं ठेवताना कधी राजाला मधे आणत नसत. ते निखळ कौतुक होतं.

सोसायटीच्या भजनी मंडळाला मात्र राजा नको होता. मंडळ काळी पाचमध्ये गातं, म्हणजे पेटीवरची बायकांची नेहमीची उंच पट्टी. माझी पट्टी पांढरी चार, चांगलीच खाली. त्यांच्या पट्टीत गेले की वरच्या सुरांना माझा आवाज फाटतो. पेटी वाजवणाऱ्या बाईंची बोटं इतक्या वर्षांत काळी पाचवरच बसलेली, दुसऱ्या पट्टीत त्या चाचपडतात. त्यामुळे सगळ्यांनी पेटीच्या मागून जायचं, हा नियमच झाला होता. मंडळ चालवणाऱ्या काकूंनी पहिल्याच गुरुवारी निकाल दिला, “तू टाळ धर गं. तुझा ठेका छान आहे.” ठेका छान आहे हे खरंच आहे. पण दर गुरुवारी ओठ मिटून टाळ वाजवायचा म्हणजे लग्नाला जाऊन न जेवता परत येण्यासारखं. मला गायचं होतं. बाकी काही नाही.

हे माझ्या लेकीला दिसत होतं. ती अकरावीत आहे, नाहूरला एका सरांकडे व्हायोलिन शिकते. मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून वाजवायचं, आपल्या पद्धतीने. दत्तजयंतीला आमच्या मंडळात एक रीत आहे. जिला हवं तिने एकटीने एक भजन म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून ते झेलायचं. दरवर्षी मी माझी पाळी पुढच्या बाईला देऊन टाकायची. यंदा लेक म्हणाली, “आई, या वेळी तू गा. पेटी गेली उडत. मी व्हायोलिनवर साथ करते, तुझ्या पट्टीत.”

आता व्हायोलिनबद्दल थोडं सांगते, कारण ते मी निवडलं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. खरेदीत मला कुणी गुंडाळू शकत नाही. ऑनलाइन मागवलेलं पहिलं वाद्य मी खोक्यातून काढलं, वास घेतला आणि त्याच दिवशी परत पाठवलं. नुसता रंगाचा वास. मग सरांना विचारून घेतलं की शिकणाऱ्याचं स्वस्त वाद्य पारखायचं कसं. तेव्हापासून मी दुकानात गेले की आधी पोटावरच्या भोकाच्या कडेला बघते. तिथे लाकडाच्या रेषा आरपार दिसल्या तर सलग फळी, थर दिसले तर प्लायवूड. मग खुंट्या पिळून बघते, घसरतात की धरून राहतात. मान डोळ्यांच्या रेषेत धरून सरळ आहे का ते बघते. भेंडीचं टोक मोडून बघणाऱ्या बाईला हे शिकायला कितीसा वेळ लागणार? त्या परीक्षेतून पास होऊन घरी आलेलं ते व्हायोलिन.

आणि त्या व्हायोलिनची आम्ही मायलेकींनी पार वाट लावली. माझी पट्टी गाठायची म्हणून लेक तारा उतरवत गेली. उतरवता उतरवता त्या वाळत घालायच्या दोरीइतक्या ढिल्या झाल्या. त्यातून जो आवाज निघाला तो ऐकून खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. तरी तिने आणखी एक पीळ सोडला, तर ज्या लाकडी घोडीवर तारा टेकतात ती घोडीच आडवी पडली. बघायला आलेल्या शेजारणीने मान हलवली, “स्वस्तातलं घेतलंस ना, म्हणून.” मला ते फार लागलं. लेकीचं वाद्य माझ्या निवडीमुळे गळपटलं, असं सगळ्या बिल्डिंगने ठरवून टाकलं होतं.

सरांनी घोडी परत उभी केली आणि म्हणाले, “व्हायोलिनला इतकं खाली ओढू नकोस. आईला जरा वर गायला सांग.”

“आई वर जाणार नाही सर,” लेक म्हणाली.

हे तिने मला घरी येऊन सांगितलं. इतकी वर्षं मी हे कुणाला तोंडावर बोलू शकले नव्हते. पोरगी सरळ बोलून आली होती.

मग आम्ही जाड तारा मिळतात का ते बघायला निघालो. घाटकोपरहून मेट्रो धरून अंधेरीला, जिथून व्हायोलिन घेतलं होतं त्याच दुकानात. दुकानदार म्हणाला, “मॅडम, एवढ्या जाड तारा यात बसत नाहीत,” आणि लगेच भिंतीवरचं एक महागातलं व्हायोलिन खाली काढलं. हे घेतलं की खालचे सूर झकास लागतील म्हणे. मी भडकले. व्हायोलिन ते व्हायोलिन, त्याची किंमत वाढली म्हणून ते खाली कसं उतरेल? माझा आवाज चढला. चढला म्हणजे माझा चढतो तसा, जाड झाला.

लेक तोवर कोपऱ्यात गेली होती. तिथे एक धूळ बसलेलं, जरा मोठ्या अंगाचं वाद्य टांगलेलं होतं. ते तिने छातीशी धरलं होतं.

“आई, बोल ना परत.”

“काय बोलू?”

“भांडत होतीस ना, तेच. तू बोलतेस तेव्हा हे थरथरतंय. शप्पथ.”

मी भांडायची थांबले आणि माझा सा लावला, दुकानातच. तिने माझा हात ओढून त्या लाकडावर ठेवला. कुणी गज लावला नव्हता, तरी माझ्या हाताखाली ते आतून गुणगुणत होतं. मला एकदम रडू आलं आणि मी ते शिंकेत घालवलं, धूळ होतीच.

“वो मत लो मॅडम, वो व्हायोला है, मोटे आवाज का,” दुकानदार म्हणाला. “शिकनेवाला कोई लेता नहीं.”

‘कोई लेता नहीं’ हे वाक्य दुकानदाराने माझ्यासमोर बोलायला नको होतं. मी भोकाच्या कडा बघितल्या, खुंट्या पिळल्या, मान डोळ्यासमोर धरली. सलग फळी, सरळ मान, एक खुंटी तेवढी हट्टी. त्या खुंटीच्या नावावर मी गज, गजाला घासायची राळ आणि पाठीवर घ्यायची पिशवी त्याच भावात काढली. सरांनी दुसऱ्या दिवशी वाजवून बघितलं आणि लेकीला म्हणाले की बोटं जरा लांब टाकावी लागतील, पण आईला आता वर जायला नको.

दत्तजयंतीला हॉल भरला होता. माझी पाळी आली तेव्हा पुढची बाई सवयीने उठायला लागली, तिला मी खाली बसवलं. लेकीने गज टेकवला आणि माझ्या पट्टीतला सा हॉलभर पसरला. मी गायले. भीतीने पहिली ओळ जरा घाईत गेली, हे कबूल. पण आवाज कुठे फाटला नाही. सासूबाई खुर्चीत ताठ बसून मी राजा असल्यासारखं लोकांकडे बघत होत्या.

आणि मग मागून ओळ झेलली गेली. मला वाटलं होतं चारदोन आवाज येतील. आख्खं मंडळ गात होतं, आणि सहज गात होतं. साठीच्या पुढच्या त्या बायका, वयाबरोबर त्यांचेही आवाज खाली आले होते, तरी दर गुरुवारी माना उंच करून काळी पाचला लटकत होत्या. प्रत्येक अंतऱ्याआधी खाकरणाऱ्या काकू त्या दिवशी एकदाही खाकरल्या नाहीत. लेक माझ्याकडे बघून हसली. माझ्या पट्टीसाठी एवढं सगळं केलेली माझी मुलगी, तिचा मला इतका अभिमान वाटला की एक ओळ दोनदा म्हटली गेली. तीही त्यांनी झेलली.

पुढच्या गुरुवारी मी नेहमीसारखी कोपऱ्यात बसले आणि टाळ उचलला. काकू उठून माझ्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, “तो टाळ दे इकडे. आणि पोरीला खाली बोलाव, सांग वाद्य घेऊन ये.”