कुस्कोची भिंत

कवठे महांकाळहून जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक वाडी आहे. तिथल्या मनुबाईला आसपासची दहा गावं पौळ घालणारी म्हणून ओळखत. पौळ म्हणजे शेताच्या उताराला घातलेली कोरडी दगडी भिंत. तिच्यात ना चुना, ना माती. दगडाला दगड बसवायचा, फटीत दगडाची बारीक चीप ठोकायची आणि खालच्या सांध्यावर वरचा सांधा येऊ द्यायचा नाही, एवढंच शास्त्र. ते ती बापाकडून शिकली. बापाला मुलगा नव्हता आणि पहारीला दुसरा हात तर हवाच होता. पुढं नवरा पलटणीत गेला, वर्षातून एकदा महिनाभर घरी येई. तो वारल्यावर पेन्शन आणि पौळ या दोन्हींवर तिनं एकुलत्या मुलाला, कृष्णातला, वाढवलं.

तिची एक रीत होती. दिवसाचा थर पुरा झाला की ती त्याच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालत जाई. पायाखाली एखादा दगड जरासा हलला, की "ह्यो बोलला" म्हणून तो उपसून काढी आणि पुन्हा बसवी. मग दिवस मावळलेला असो, की शेताचा मालक गाडी जुंपून खोळंबलेला असो.

कृष्णात काही दगडाच्या कामाला लागला नाही. सांगलीत फिटरचं काम शिकला, मुंबईला गेला आणि मालवाहू जहाजाच्या यंत्रखोलीत लागला. जिथं प्यायला टँकरची वाट बघायची त्या मुलखातलं पोर समुद्रावर राहतंय, हे मनुबाईच्या पचनी कधी पडलं नाही. त्याच्या दर पत्राला ती एकच उत्तर लिहवून घेई: काम कर, जहाजावरच राहा, परक्या मुलखात लांब कुठं भटकू नकोस. खाली सहीऐवजी आंगठा उठवी. पत्रं वाचायला आणि लिहायला परवीन होती. मौला टेलरची ही मुलगी सांगलीला कॉलेजची दोन वर्षं करून आली होती आणि वाडीच्या शाळेत शिकवत होती.

चौऱ्याहत्तरच्या सप्टेंबरअखेर पत्र आलं ते पेरू देशातून. जहाजाचं यंत्र बिघडलंय, बंदरात तीन आठवडे मुक्काम आहे. रजा काढून मित्राबरोबर कुस्को नावाचं जुनं शहर बघायला जाणार, बसनं दोन-तीन दिवसांची वाट आहे, ऑक्टोबरच्या दोन तारखेला तिथं पोचू, असं त्यात होतं. सोबत पाहुण्यांना वाटतात तसलं एक रंगीत पत्रक होतं. कृष्णातनं कडेला लिहिलं होतं, "आई, तुझं काम बघ."

पत्रकात एका भिंतीचं चित्र होतं. म्हशीएवढे दगड, काही तर झोपडीएवढे, आणि एकमेकांत असे बसलेले की मध्ये चिपेलाही जागा नाही. परवीननं खालचं इंग्रजी वाचून सांगितलं, की हे इंका राजांचं शहर, शेकडो वर्षांपूर्वीचं. गल्लीतल्या एका दगडाला बारा कोपरे आहेत. शहराच्या डोक्यावर हा दगडी कोट, आणि पुढं आगगाडीनं गेलं की डोंगरमाथ्यावर माचूपिचू म्हणून अख्खं गाव आहे, तेही दगडाचंच.

"आन ही टोप्या घातलेली गोरी माणसं? मुकादम हायती व्हय?" मनुबाईनं विचारलं. दोन वर्षांपूर्वी दुष्काळी कामावर तिनं तसल्या टोप्यांचे मुकादम पाहिले होते.

"न्हाई मावशी. बघाय आल्याती. लांब लांबनं येत्यात लोक."

"पौळ बघाय?"

"व्हय की."

"आमच्यात तर ज्यानं घालून घेतली त्योबी वळून बघत न्हाई," मनुबाई म्हणाली, आणि पत्रक लुगड्याच्या घडीत ठेवून दिलं.

ऑक्टोबरच्या चार तारखेला नानासो तिच्या कामावर आला. हा तिचा चुलतदीर. पौळ त्याच्याच रानात चालली होती. नेहमी चेष्टा करत येणारा माणूस त्या दिवशी सरळ तिच्यापुढं येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "वैनी, रेडिओवर सांगितलं. पेरूत भूकंप झालाय. लय मोठा. काल."

मनुबाईनं हातातला दगड खाली ठेवला. काल म्हणजे तीन तारीख. दोन तारखेला तो तिथं पोचणार होता.

दुसऱ्या दिवशी परवीनला घेऊन ती कवठ्याच्या पोस्टात गेली आणि मुंबईच्या कंपनीला तार केली. चौथ्या दिवशी उत्तर आलं: जहाज सुरक्षित आहे, रजेवर गेलेल्यांची माहिती अजून नाही.

"जहाज सलामत हाय म्हंजी पोरगं सलामत," नानासो म्हणाला.

"जहाजावर आसंल तर. त्यो त्या गावाला गेलाय."

सतरा दिवस पत्र आलं नाही. मनुबाई कामावर जाई, पण दगड बसेना. एकच दगड चार बाजूंनी फिरवून बघे आणि टाकून देई. दुपारच्या भाकरीला ते पत्रक काढून मांडीवर पसरी. कोयनेच्या भूकंपात पाटणकडं तिच्या बहिणीचं घर बसलं होतं. माती-दगडाच्या भिंती धाडकन आत आल्या, आणि परसातली कोरडी पौळ मात्र जागची हलली नव्हती. ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"मातीत बसवलेला दगड येकदा सुटला की सुटला," ती परवीनला सांगे. "कोरडा दगड हलतोय, आन परत जाग्यावर बसतोय. आन ही भित बघ. सगळी आत कललीया. ही पडायची न्हाई."

परवीननं पत्रक पुन्हा नीट वाचलं. चोवीस वर्षांपूर्वीच्या भूकंपात जुन्या भिंतीवर बांधलेल्या चर्चची पडझड झाली, पण खालची भिंत शाबूत राहिली, असं त्यात खरोखरच लिहिलेलं होतं. तेवढं ऐकल्यावर मनुबाई त्या दिवशी दोन घास जास्त जेवली. मग वाडीत जो भेटेल त्याला ती सांगू लागली, की माझं पोरगं त्या भिंतीपाशी आहे, त्याला काही होत नाही. लोक तिचं मन राखायला मान हलवत. नानासोसुद्धा हलवी.

अठराव्या दिवशी पोस्टमन दिसला तेव्हा ती पौळीवर उभी होती. अक्षर कृष्णातचंच होतं. ती परवीनच्या शाळेकडं पळतच गेली आणि नानासो तिच्या मागोमाग.

परवीननं पत्र फोडून वाचलं. "आई, मी बरा आहे. आम्ही कुस्कोला गेलोच नाही. ऐन वेळी यंत्राचा सुटा भाग आला, साहेबानं रजा कापली. भूकंप झाला तेव्हा मी जहाजावर होतो. दोर तुटले, जहाज धक्क्यावर आपटलं, माझ्या हाताला जरा लागलंय. बंदराच्या गावात मात्र लय घरं पडली, माणसं गेली. तुझी भिंत बघायची राहिली."

मनुबाई शाळेच्या पायरीवर बसली. तिनं पदरानं तोंड झाकलं. पोरं वर्गातून डोकावत होती. परवीननं त्यांना हाकललं.

नानासोचा जीव आता हलका झाला होता. "काय वैनी, मग त्या भितीनं काय केलं म्हणायचं?"

"काय न्हाई केलं," पदर बाजूला करत ती म्हणाली. "त्यो तिथं न्हवताच तर ती बापडी काय करंल?" आणि तिला हसू आलं, मग परवीनलाही.

परवीननं वही उघडली. "काय लिवू मावशी? न्हेमीचंच? जहाजावर ऱ्हा, भटकू नगं?"

"त्ये नगं लिवू," मनुबाई म्हणाली. "जहाजावर ऱ्हाऊनबी धरणी हाललीच की. हात बरा झाला का ते कळव म्हणावं. आन जहाज परत तिकडं गेलं, तर दोन दीस काढून ते गाव बघून ये म्हणावं. दगडाच्या मागल्या अंगाला भर कसला घातलाय ते इचार. चित्रात मागली बाजू दिसंना."

परवीन लिहू लागली. मनुबाई उठली, लुगड्याची धूळ झटकली आणि रानाकडं चालू लागली.

"मावशी, आंगठा ऱ्हायला!" परवीननं मागून हाक मारली.

"सांजच्याला येते. थर आर्धा सोडून आलीया."